अरब देशांतली आधुनिक चित्रकला म्हणजे पॅरिसची नक्कलच ना?

नाही. हा प्रश्न मला लागतो, म्हणूनच लिहायला बसले.

कला महाविद्यालयात आमचे एक सर माझं अमूर्त काम, म्हणजे ओळखीच्या आकृत्या नसलेली चित्रं, बघून भर वर्गात म्हणायचे, "हे आपलं नाही, उसनं आहे." मी भांडायचे, पण दाखवायला काही नसायचं. ते मिळालं २०१३ मध्ये, लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात. नवऱ्याच्या नोकरीमुळे तेव्हा आम्ही तिकडे होतो. बैरूतच्या चित्रकार-शिल्पकार सलवा रौदा शुकैर यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. बाई तेव्हा ९६ वर्षांच्या! जगाने त्यांची दखल घ्यायला एवढा उशीर केला, याचा मला आजही राग येतो.

तिथल्या एका भौमितिक चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. जवळ गेल्यावर कॅनव्हासला पडलेली भोकं दिसली, आणि त्यात रुतून बसलेल्या काचा. लेबनॉनच्या यादवी युद्धात, १९८० च्या दशकात, त्यांच्या घराजवळ बॉम्ब पडला होता. चित्र तसंच ठेवलंय.

आता नकलेचं. त्या पॅरिसला गेल्या १९४८ मध्ये. पण बैरूतमधलं त्यांचं प्रदर्शन १९४७ चं, आणि अरब जगातलं पहिलं अमूर्त प्रदर्शन म्हणून सहसा त्याचंच नाव घेतात. त्याआधी, १९४३ मध्ये त्या कैरोला गेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धामुळे संग्रहालयं बंद, म्हणून मशिदी आणि गल्ल्या पालथ्या घातल्या. अमूर्ताचं मूळ त्यांना तिथल्या भूमितीत सापडलं. पुढे त्यांनी 'कविता' नावाची शिल्पं केली, एकावर एक बसणाऱ्या तुकड्यांची. गझलेतला शेर सुटा म्हटला तरी पुरा वाटतो, तसा त्यातला प्रत्येक तुकडा. ही रचना त्यांनी अरबी काव्यातून घेतली. यात पॅरिस कुठे आलं?

तुम्ही विद्यार्थी असाल आणि कुणी तुमच्या कामाला "उसनं" म्हणालं, तर त्याला सरळ विचारा, आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांनाही तसंच म्हणाल का? आमच्या सरांना हे तेव्हा विचारायला हवं होतं.

पॅरिसकडून शुकैरबाईंनी काहीच घेतलं नाही, असं मात्र मी म्हणत नाही. तिथले चित्रकार फर्नां लेजे यांच्या स्टुडिओत त्यांनी काम केलं, त्याचा उपयोगही झाला. आणि हे उत्तर एकट्या शुकैरबाईंपुरतं आहे. बगदादचे शिल्पकार-चित्रकार जवाद सलीम लंडन-पॅरिसला शिकूनही मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, शिल्पांकडे वळले. त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल.