डोळ्यात सोडलेली औषधाची कांडी नंतर काढावी लागते का?

प्रश्न सोलापूरचाच दिसतोय: विचारणाऱ्याच्या वडिलांना शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यावर सूज, डॉक्टरांनी ओझर्डेक्स नावाची ही कांडी सुचवलीय.

नाही, काढावी लागत नाही, ती आतच विरघळते. माझ्या सासऱ्यांना बसवली होती. आयुष्य चादरीच्या मागावर गेलेला माणूस, तरी सुईचं नाव काढताच घाम फुटला! प्रत्यक्षात डोळा बधिर करून बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून सोडतात, काम काही मिनिटांचं. कांडी लांबीला तांदळाच्या दाण्याएवढी, जाडी मात्र अर्धा मिलिमीटरही नाही. त्यात ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड, असतं. ते ज्या पॉलिमरमध्ये मुरवलेलं असतं, तो विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याचाच भाऊबंद. डोळ्याच्या आतल्या द्रवाने तो हळूहळू तुटतो, त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. तो झिजेल तसं औषध सुटत जातं. कागदावर सहा महिने, पण बऱ्याच जणांना तीन-चार महिन्यांत सूज परत येते.

सासरे पहिले काही दिवस म्हणायचे, "डोळ्यापुढं काडी हलतीया बघ." ते चालतं. दुखणं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

खरी काळजी स्टेरॉइडमुळे वाढणाऱ्या डोळ्याच्या आतल्या दाबाची. तो साधारण दीड-दोन महिन्यांनी चढतो आणि चढलेला कळतही नाही, म्हणून बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवू नका. मोतीबिंदूही लवकर पिकतो. काचबिंदू असेल तर आधीच सांगा.