पहिला अध्याय का गाळलास?

नगरहून एका सुनेचं चार पानी पत्र आलंय. वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढायचं ठरवून तिनं जानेवारीत उत्पत्तीपासून सुरुवात केली, रोज तीन-चार अध्याय. सासूबाईंना आता अक्षर दिसत नाही, म्हणून रात्री जेवणं उरकली की ती मोठ्यानं वाचते आणि त्या खाटेवर बसून ऐकतात. मेअखेर ईयोबाचं पुस्तक संपलं, सगळं गमावलेल्या आणि शेवटी दुप्पट परत मिळालेल्या देवभक्ताची गोष्ट, आणि हिची झोप उडाली. ईयोबाच्या 7,000 मेंढ्या गेल्या, शेवटी 14,000 मिळाल्या. 3,000 उंटांचे 6,000 झाले. मेलेल्या दहा मुलांच्या जागी दहा नवी आली. मुलांची अशी भरपाई होते का, हा तिचा प्रश्न. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, बायकांनी इतक्या खोलात जाऊ नये. नवरा म्हणाला, हा विषय घरात नको. 'माझा विश्वास ढळतोय का?' असं तिनं शेवटी विचारलंय.

नाही गं, ढळत नाहीये. ज्याचा ढळतो तो मेंढ्या मोजत बसत नाही.

पाळकसाहेबांचंही लगे हात उरकते. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्या गेल्यावर दोन वर्षांनी, 1924 मध्ये ते निघालं. ते काय वरवर चाळून केलं? पुढच्या वेळी चहाला आले की विचार त्यांना.

मला बोलायचंय ते तुझ्या तिसऱ्या पानावरच्या कंसाबद्दल. '(पहिला अध्याय मी सासूबाईंना वाचून दाखवला नाही. यांच्या जन्माआधी माझे मोठे दीर लहानपणीच गेले, उगाच त्यांना त्रास कशाला.)' एवढंच लिहिलंस, आणि पुढच्या ओळीत परत मेंढ्या!

जन्मभर उपासनेला गेलेली बाई ती. ईयोबाच्या पहिल्या अध्यायात काय आहे हे तिला ठाऊक नसेल असं वाटलं तुला? एकामागून एक चार जासूद येतात. बैल गेले, मेंढ्या गेल्या, उंट गेले; आणि चौथा सांगतो, थोरल्याच्या घरी सगळी भावंडं जेवत होती, वादळ आलं आणि घर अंगावर कोसळलं. म्हातारीला ते पाठ असेल. तू दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात केलीस तेव्हाच तिला कळलं, आणि ती गप्प बसली. या घरात त्या मुलाबद्दल गप्प बसायची सवय तिला तुझ्या लग्नाआधीपासूनची आहे.

ईयोबाच्या बायकोकडे बघ जरा. दहा मुलांची आई. 42 अध्यायांत तिच्या तोंडी एक वाक्य, आणि त्यावरून लोक तिला अजून नावं ठेवतात. नवी दहा कुणाच्या पोटी आली तेही लिहिलेलं नाही. ईयोबाचे तीन मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तिच्याजवळ कोण बसलं?

तू तुझा प्रश्न पाळकांना विचारलास, नवऱ्याला विचारलास, तिकीट लावून मला विचारलास. जिचा एक गेला आणि मग दुसरा झाला ती बाई रोज रात्री तुझ्यापासून दोन हातांवर बसलेली असते. म्हणे त्रास कशाला! ती रडली तर आपण काय करायचं, ही तुझी धास्ती आहे.

आज पुढचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, राहू दे. ईयोबाचा पहिला अध्याय काढ. 22 वचनं आहेत, पाच मिनिटं लागतील. 19व्या वचनाला, घर कोसळतं तिथं, आवाज अडखळला तर अडखळू दे. वाचून झालं की पाणी आणायला म्हणून उठू नकोस, तिथंच बस. आणि 'देवाची इच्छा' वगैरे बोलू नकोस. देवाची बाजू घेऊन ईयोबाला शिकवायला गेलेल्या त्या तिघांना शेवटी देवानंच झापलंय. नवरा टीव्हीवरून मान वळवून बघेल. बघू दे. त्याचाही तो भाऊच होता.

चार पानांत तू त्या मुलाचं नाव कुठंच लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, तुला ते माहीतच नाही. आधी तेच विचार.