मिशनकार्याचा पदव्युत्तर अभ्यास

प्रश्न : मी अहिल्यानगरचा रहिवासी असून इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आहे. आजोबा मंडळीचे (स्थानिक चर्चचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. ख्रिस्ती मिशनकार्याचा पदव्युत्तर अभ्यास करण्याची माझी इच्छा आहे. एम. टीएच.ला (धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला) थेट प्रवेश मिळेल का? हा अभ्यास केवळ धर्मप्रचारकांसाठीच असतो का?

उत्तर : थेट प्रवेश मिळणार नाही. पश्चिम बंगालमधील सेरामपूर कॉलेज 1818 साली स्थापन झाले आणि 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याचा अधिकार दिला. त्याच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, आज देशभरातील अनेक सेमिनरी (ख्रिस्ती धर्मशिक्षण संस्था) संलग्न असून बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आणि पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरी ही त्यांपैकी दोन ठळक नावे होत. या सिनेटच्या दोन वर्षांच्या एम. टीएच.साठी आधी बी. डी. ही धर्मशास्त्राची पदवी घ्यावी लागते आणि बी. डी.च्या प्रवेशासाठी सामान्यतः आपल्या मंडळीचे शिफारसपत्र मागितले जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. एडिंबरोत 1867 साली भारतात काम केलेले स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांच्यासाठी या विषयाचे अध्यासन (प्राध्यापकपद) निर्माण झाले तेव्हा मिशनरी घडविणे हाच त्याचा हेतू होता. आज मात्र धर्मांतर, जात, वसाहतीची सत्ता आणि इतर धर्मांशी संवाद हे या अभ्यासाचे गाभ्याचे विषय आहेत. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर 1813 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगरला मोठे केंद्र उभारले आणि 1842 मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. मिशनऱ्यांनी वरिष्ठांना पाठविलेली इंग्रजी पत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जतन केलेली आहेत आणि संशोधकांची भिस्त बहुधा त्यांवरच असते. परंतु ज्या महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना त्या निर्णयातून काय हवे होते आणि गावाने त्यांना कसे वागविले, हे जाणण्यासाठी ‘ज्ञानोदय’चे जुने अंक, मंडळ्यांची दप्तरे, ख्रिस्ती कीर्तने आणि ना. वा. टिळकांसारख्यांचे मराठी लेखन बारकाईने वाचावे लागते. मराठी वाचणारा, इतिहासाची शिस्त असलेला विद्यार्थी या कामास हवा आहे, असे मी मनापासून सांगतो.

पाळकपदाची दीक्षा घेण्याचा विचार नसेल, तर आधी इतिहासात एम. ए. करून याच विषयावर पीएच. डी. करता येईल, एडिंबरो विद्यापीठात जागतिक ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्रही आहे. कोणताही मार्ग निवडलात, तरी अर्ज भरण्यापूर्वी या विषयाचे मार्गदर्शक तेथे सध्या आहेत का आणि मराठी साधनांवरील प्रबंध ते स्वीकारतील का, याची संबंधित विभागाकडे लेखी चौकशी करावी.