पोट साफ म्हणजे नेमकं किती साफ हो डॉक्टर?

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की पोटाबद्दल काही विचारायचं असेल तर लाजू नका, बिनधास्त लिहा. तुम्ही खरंच लाजला नाहीत, त्याबद्दल आधी थँक यू! काही पत्रं तर जेवण झाल्यावर वाचायला नको होती असं वाटलं. पण गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत एक वाक्य आहेच, "पोट साफ होत नाही". या "साफ" शब्दानेच अर्धा घोळ घातलाय असं माझं मत झालंय, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

प्रश्न: मॅडम, वय ४१. मला एक दिवसाआड होतं. रोज सकाळी पोट साफ झालं नाही की डोकं जड वाटतं, कामात लक्ष लागत नाही. म्हणून गेली दोन वर्षं रोज रात्री जुलाबाची गोळी घेतोय, आता तर गोळी न घेता काहीच होत नाही. माझी आतडी निकामी झाली का?

उत्तर: अहो, आतडी शाबूत आहेत तुमची, हिशोब चुकलाय. दिवसातून ३ वेळा ते आठवड्यातून ३ वेळा, या मधलं सगळं नॉर्मल. "रोज सकाळी एकदा" हा नियम आपणच बनवलाय. किती वेळा झालं यापेक्षा कसं झालं ते बघा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी यासाठी १९९७ साली चक्क एक तक्ता छापला, १ नंबर म्हणजे कडक खडे आणि ७ नंबर म्हणजे निव्वळ पाणी. तुमचं ३ किंवा ४ मध्ये बसत असेल, म्हणजे केळ्यासारखं सलग, आणि कुंथावं लागत नसेल, तर एक दिवसाआड होण्याला बद्धकोष्ठता म्हणतच नाहीत.

आता गोळीची गंमत ऐका. खाल्लेलं अन्न पोट आणि लहान आतडं पाच-सहा-आठ तासांत पार करतं, पण पुढचं मोठं आतडं जेमतेम दीड मीटरचं असून तिथे ते निवांत दीड-दोन दिवस थांबतं कारण तिथे पाणी शोषून घ्यायचं काम चालतं. गोळी घेतली की दोन दिवसांचा माल एकदम बाहेर. मग दुसऱ्या दिवशी येणार काय? आत काही नाहीच! पण तुम्हाला वाटतं बघा, गोळी नाही तर झालं नाही, की परत गोळी. असं हे चक्र दोन वर्षं फिरतंय. गोळी हळूहळू कमी करायची, आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसाआड, आणि मधले एक-दोन दिवस काही झालं नाही तर घाबरायचं नाही. हे तुमच्या डॉक्टरांना सांगून करा, ते गरज वाटली तर मधल्या काळासाठी सौम्य औषध देतील. सकाळी काहीतरी खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, तेव्हा मोबाईल बाहेर ठेवून दहा मिनिटं जाऊन बसा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या (हसू नका, त्याला स्टूलच म्हणतात), गुडघे वर आले की मार्ग सरळ होतो.

प्रश्न: आतड्यांच्या भिंतीला वर्षानुवर्षं मळ चिकटून राहतो आणि त्यातली विषं रक्तात जातात असं व्हिडिओत बघितलं. मी डिटॉक्स पावडर घेतली तर खरंच रबरासारखे लांब लांब तुकडे बाहेर पडले!! फोटो आहे माझ्याकडे, पाठवू का?

उत्तर: नको नको, फोटो नको. तो तुकडा म्हणजे तुमची पावडरच आहे हो! या पावडरींमध्ये बहुतेक वेळा इसबगोलसारखं पाणी पिऊन फुगणारं काहीतरी असतं, शिवाय चिकणमाती पण असते. ते आत जाऊन फुगतं, आतड्याचा आकार घेतं आणि तसंच बाहेर येतं. तुम्ही पैसे देऊन साचा विकत घेतलात.

आतड्याच्या भिंतीवरचा थर दर ३ ते ५ दिवसांनी नवा येतो, जुन्या पेशी गळून पडतात, मग तिथे वर्षानुवर्षं काही चिकटणार कुठे? कोलोनोस्कोपीच्या (म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघतात त्या तपासणीच्या) स्क्रीनवर दिसते ती गुलाबी, ओली, चकचकीत भिंत, मोरीच्या पाइपासारखं काही नसतं. आणि "मळातलं विष रक्तात" ही थिअरी जुनीच, शंभरएक वर्षांपूर्वी तिच्यापायी लंडनचे मोठे सर्जन आर्बथनॉट लेन साध्या बद्धकोष्ठतेच्या पेशंटांची मोठी आतडीच कापून काढायचे. नंतर ती थिअरी बाद झाली, पण पावडरीच्या डब्यावर अजून जिवंत आहे. शरीरातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडन्या चोवीस तास करतात, त्यांना ज्यूसची मदत लागत नाही. उलट फळाचा ज्यूस काढला की चोथा, म्हणजे आतड्याला हवं असलेलं नेमकं तेच, फेकलं जातं. आणि नळीने पाणी सोडून "कोलन क्लिन्झिंग" करणाऱ्यांकडे तर अजिबात जाऊ नका, शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडतो आणि क्वचित आतड्याला भोक पडल्याच्या केसेस पण झाल्यात.

प्रश्न: जेवताना पाणी प्यायलं की जठरातलं ॲसिड पातळ होतं ना?

उत्तर: नाही. जठर काही ठरलेलं ॲसिड घेऊन बसलेलं नसतं, लागेल तसं अजून सोडतं. प्या, उलट घास नीट उतरतो. फक्त ज्यांना अन्न वर येण्याचा त्रास आहे त्यांनी जेवणावर गटागटा दोन-तीन ग्लास नको.

प्रश्न: सगळे म्हणतात फायबर खा फायबर खा. मी एका सोमवारपासून ठरवून तीन वेळा सॅलड, कडधान्यं, ओट्स, कोंडा सगळं सुरू केलं आणि गुरुवारपर्यंत पोटाचा फुगा झाला, ऑफिसमध्ये बसणं मुश्किल. माझ्या पोटाला फायबर सूट होत नाही हे नक्की.

उत्तर: हे नक्की नाहीये. तुम्ही जे सोमवारी केलंत ते करायला दोन महिने घ्यायचे असतात. फायबर आपल्याला पचतच नाही, ते मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि खाताना गॅस सोडतात, त्याचबरोबर काही आम्लं पण बनवतात ज्यांच्यावर आतड्याच्या पेशी जगतात. म्हणजे गॅस हा त्यांच्या स्वयंपाकाचा धूर समजा. आता तुम्ही वर्षानुवर्षं दोन पाहुण्यांचं जेवण देत होतात आणि एकदम लग्नाची पंगत बसवली तर धूर होणारच की. मोठ्या माणसाला दिवसाला २५-३० ग्रॅम फायबर हवं, पण तिथे पोचताना दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवा. आधी फक्त कडधान्यं, ती रात्रभर भिजवून पाणी ओतून द्या आणि पुरती मऊ शिजवा. पुढच्या आठवड्यात एक फळ. कोरडा कोंडा तर शेवटी, किंवा नाहीच घेतला तरी चालतंय, त्याने काही जणांचं पोट जास्तच फुगतं. पाणी वाढवा, फायबर वाढवून पाणी नाही वाढवलं तर आतमध्ये ट्रॅफिक जाम.

आणि एक, दिवसातून १०-२० वेळा गॅस जाणं हे निरोगी माणसाचं पण असतं, कोणी सांगत नाही एवढंच. एवढं हळूहळू करूनही पोट दुखतंच राहिलं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठता असं होत राहिलं तर आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याचं चालणं बिघडल्याचा त्रास) आहे का ते तपासा. त्यात लो फॉडमॅप नावाचा आहार देतात, मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतून आलेला. काही आठवडे आतड्यात आंबून गॅस करणारे ठराविक पदार्थ बंद आणि मग एकेक करून परत आणायचे. हा परत आणायचा भाग लोक विसरतात आणि आयुष्यभर चार पदार्थांवर जगतात! म्हणून तो डाएटिशियनच्या देखरेखीखालीच करा.

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची आहे. गट हेल्थसाठी, म्हणजे आतड्याच्या तब्येतीसाठी, ५० अब्ज चांगले जिवाणू असलेली प्रोबायोटिक कॅप्सूल रोज घेते. आता मायक्रोबायोम टेस्ट (आतड्यात कोणकोणते जिवाणू आहेत ते सांगणारी) पण करायचा विचार आहे. करू का?

उत्तर: तू लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते हं. आधी आकडे बघू. तुझ्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. ("पेशींच्या दसपट जिवाणू" असं सगळीकडे लिहिलेलं असतं ते जुनं झालं, २०१६ मध्ये नीट हिशोब मांडल्यावर ते जवळपास एकास एक निघालं.) ५० अब्ज म्हणजे ५ हजार कोटी. म्हणजे तिथे आधीच असलेल्या हजारांत तू एखाद-दुसरा पाहुणा रोज पाठवतेस, आणि तोही बहुतेक वेळा राहत नाही, कॅप्सूल बंद केली की थोड्या दिवसांत गायब. अँटिबायोटिक्समुळे होणाऱ्या जुलाबांसारख्या काही ठिकाणी ठराविक प्रोबायोटिक्सचा उपयोग दिसलाय, पण तब्येत चांगली असताना "असू दे" म्हणून घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात तर अँटिबायोटिक्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परत यायला जास्त वेळ लागला होता.

त्यापेक्षा दही, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), किमची (कोरियन आंबवलेला कोबी) असं आंबवलेलं खा. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ जणांवर प्रयोग झाला, त्यात १० आठवडे असे पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या जाती वाढल्या. ३६ म्हणजे फार नाहीत, मान्य, पण दही तसंही छानच लागतं. आणि टेस्टचं म्हणशील तर निरोगी मायक्रोबायोम नेमका कसा असतो यावरच अजून एकमत नाही, मग तुझ्या रिपोर्टमधल्या लाल-हिरव्या पट्ट्यांचं करायचं काय? तसंच रक्तातलं आयजीजी (एका प्रकारची अँटिबॉडी) बघून "तुम्हाला या ८० पदार्थांची इन्टॉलरन्स आहे" सांगणारी टेस्ट, ती पण नको. ते आयजीजी एवढंच सांगतं की हा पदार्थ तू खाल्लेला आहेस, आणि ते तुला माहीत असतंच ना.

प्रश्न: टेन्शन आणि तिखट खाण्यामुळे मला अल्सर होईल अशी भीती वाटते. ॲसिडिटीची गोळी ३ वर्षं रोज चालू आहे, मध्ये बंद केली तर आधीपेक्षा जास्त जळजळ झाली, म्हणजे आजार वाढलाय ना?

उत्तर: एकेक करून सांगते. अल्सरचं खापर आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं टेन्शन आणि तिखटावर फोडलं, डॉक्टरांनी पण. मग ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांना १९८२ मध्ये अल्सरवाल्यांच्या जठरात एक जिवाणू सापडला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कोणी विश्वास ठेवेना तेव्हा मार्शलसाहेबांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचा ग्लास स्वतःच पिऊन टाकला! थोड्याच दिवसांत उलट्या, जठराला सूज, सगळं आलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. (घरी करून बघू नका.) तर अल्सरची दोन मोठी कारणं, हा जिवाणू आणि आयबुप्रोफेन-ॲस्पिरिनसारख्या पेनकिलर. जिवाणूची टेस्ट होते आणि सापडला तर औषधांच्या एका कोर्सने बहुतेक वेळा जातो. तिखटाने जळजळ वाढू शकते, अल्सर पडत नाही.

गोळीचं म्हणाल तर ओमेप्राझोलसारखी गोळी खूप दिवस घेऊन एकदम थांबवली की दबलेलं ॲसिड उसळी मारतं, काही आठवडे. तो बहुतेक वेळा गोळी सुटतानाचा त्रास असतो, आजार वाढलाच असं नाही. पण मनाने बंद करू नका. आधी ती कशासाठी दिली होती ते डॉक्टरांना विचारा, कारण काहींना ती कायम लागते. ३ वर्षं झालीत तर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्यायला हवं का तेही विचारा. बाकी, रात्रीचं जेवण आणि झोप यात ३ तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू १५-२० सेंटिमीटर उचला, नुसत्या उशा रचून पोट दुमडतं म्हणून ते नको, आणि डाव्या कुशीवर झोपा. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं पण मागाहून दूधच ॲसिड सोडायला लावतं.

प्रश्न: परीक्षेच्या दिवशी चार वेळा जावं लागतं. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत.

उत्तर: मनाचे आहेत पण खेळ नाहीत. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी नसपेशींचं स्वतःचं जाळं आहे आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं, घाबरलास की मोठं आतडं जोरात चालतं. त्या सकाळी कॉफी नको, रोजचंच काहीतरी साधं खा आणि अर्धा तास लवकर ऊठ.

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे. दोन महिन्यांपासून शौचातून अधूनमधून रक्त जातं, मूळव्याध असेल म्हणून मलम लावतात. पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही म्हणतात, वजनही ४ किलो कमी झालंय. त्यांना कोणतं फायबर सुरू करू?

उत्तर: कोणतंच नको. फायबर, दही, मलम सगळं बाजूला ठेवा आणि आज फोन करून पोटाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. मूळव्याध असेलही, पण या वयात रक्त, कमी झालेलं वजन आणि "साफ वाटत नाही" हे तिन्ही एकत्र आलं की आत कॅमेरा घालून बघितल्याशिवाय कोणीही काही ठरवायचं नसतं, मी पण नाही. बहुतेक कोलोनोस्कोपी सांगतील. वडील नाही म्हणतील, लाजतील, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतील. तुम्ही सोबत जा. आणि पत्र पाठवून उत्तराची वाट बघण्यात आधीच दिवस गेलेत, म्हणून हे उत्तर तुम्हाला अंक निघायच्या आधीच फोनवर कळवलंय, रिपोर्ट आले की मलाही कळवा.