तुमची ‘परवानगी’ आणि तिचं ‘नको’

पत्र बरंच मोठं होतं, कापून देतेय:

“मॅडम नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, 18 वर्षं झाली व्हिएतनाममध्ये, हो ची मिन्ह सिटीत फार्मा कंपनीत आहे. मिसेस इथलीच, मेकाँगकडची, सरकारी युनिव्हर्सिटीत लेक्चरर. वय 41, पीएचडी ब्रिस्बेनहून. धाकटी मुलगी तिकडेच झाली, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, मोठी तेव्हा आजीकडे बेन त्रेला होती. आता मुली 16 आणि 8 वर्षांच्या आहेत. तिच्या फॅकल्टीला तिचं नाव व्हाइस डीनच्या यादीत घालायचंय, त्यांना टीममध्ये एक बाई हवीच आहे त्यामुळे चान्स पक्का. मी तिला पूर्ण परवानगी दिली आहे. पण तीच ‘नको, राहू दे’ म्हणाली आणि नाळीची भाजी निवडायला लागली. आमची आई म्हणते आधी घर, आणि आता दोनच मुलांचा नियम पण उठलाय तर एक नातू होऊ दे. तिची आई पण तेच म्हणते. इथे बायकांना तशी काही अडचण नाही, मार्केटपासून संसदेपर्यंत बायकाच दिसतात, म्हणजे हिचाच कॉन्फिडन्स कमी पडतोय. लीडरशिपचा चांगला ऑनलाइन कोर्स सुचवा. शिवाय मोठी मुलगी आईसारखं प्रोफेसर व्हायचं म्हणते, तिला आयटीकडे कसं वळवू?”

दादा, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाला अडखळले. परवानगी. दुसऱ्या देशात जाऊन, पोटात बाळ घेऊन थिसिस लिहिणाऱ्या बाईला आता व्हाइस डीन व्हायला बेन त्रेच्या जावयाची परवानगी लागते? तुमच्या मनात वाईट काही नाही हे कळतंय मला, उलट तुम्हाला वाटतंय की आपण चार नवऱ्यांपेक्षा बरे आहोत, आणि असालही. पण परवानगी देणारा माणूस नंतर हात झटकून बाजूला बसतो, मी तर हो म्हटलं होतं बाबा, तिलाच नको होतं. एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्या आईचं मत आहे, सासूबाईंचं आहे, फॅकल्टीचं आहे, तुमचं तर पानभर आहे. तिचे शब्द किती, तर तीन. आणि का नको, हे तुम्ही विचारलं असं एका ओळीतही नाही. ती भाजी निवडत राहिली आणि तुम्ही मला मेल लिहायला बसलात!

कॉन्फिडन्सचं तर बोलूच नका. ज्या बाईने एक पोर आईकडे ठेवून दुसरं परक्या गावात जन्माला घालून पीएचडी संपवली तिला तीन महिन्यांचा व्हिडिओ बघून कॉन्फिडन्स येणार आहे का? कोर्स मी सुचवणार नाही. तिला काही येत नाही म्हणून ती नको म्हणत नाहीये, तिने हिशोब केलाय आणि तो जमत नाहीये, आणि त्या हिशोबात तुम्ही कुठल्या रकान्यात आहात ते बघायला पाहिजे.

आता तो ‘इथे बायकांना अडचण नाही’वाला गैरसमज. हा फक्त तुमचा नाही, व्हिएतनाम फिरून आलेली आपली माणसं पण हेच सांगतात, दुकानात बाई, बँकेत बाई, स्कूटरवर बाई. खरंय ते. आणि इतिहासही तसाच आहे, न्गुयेन थी बिन्ह या बाईंनी 1973 ला व्हिएतनाम युद्धाच्या पॅरिस शांतता करारावर सही केली, मग 1976 पासून 1987 पर्यंत शिक्षणमंत्री होत्या, पुढे देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष. स्त्री-पुरुष समानतेचा कायदा 2006 चा आहे. पण तुम्ही म्हणता त्या संसदेत 2021 ला निवडून आलेल्या 499 जणांत बायका होत्या 151, म्हणजे 30 टक्के, ‘बायकाच’ नव्हे. युनिव्हर्सिट्यांमध्ये तर ही घसरण डोळ्याला दिसते, शिकवणाऱ्यांत बायका जवळपास निम्म्या, आणि जिना चढत गेलं की एकेका मजल्यावर कमी कमी होत जातात, उपप्रमुखापर्यंत दिसतात, रेक्टरच्या खोलीबाहेरच्या फोटोंच्या रांगेत शोधाव्या लागतात. बाई कामावर दिसते म्हणजे बाईचं चालतं असं नसतं हो. आपल्याकडे भातलावणीला शेतात सगळ्या बायकाच दिसतात, सातबाऱ्यावर किती दिसतात?

आणि तिकडचं कौतुकही कसलं आहे बघा. सरकारी कामगार युनियनची बायकांसाठी एक जुनी घोषणा आहे, 1989 पासून चालत आलेली, मतलब असा की देशाच्या कामात हुशार आणि घरच्या कामात तरबेज. 8 मार्चला आणि 20 ऑक्टोबरला फुलं मिळतात, सत्कार होतात, आणि सत्कार दोन्ही शिफ्टचा असतो. पुरुषांसाठी असली जोडघोषणा माझ्या ऐकिवात नाही. त्याच्याही खाली कन्फ्यूशियसच्या काळापासूनचं ‘ताम तोंग’ आहे, तीन आज्ञापालनं: माहेरी बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं, नवरा गेल्यावर मुलाचं. ओळखीचं वाटलं ना? मनुस्मृतीत हेच त्रिकूट आहे. तुमच्या आई आणि सासूबाईंना एकमेकींची भाषा येत नाही तरी दोघी एकच वाक्य बोलतात ते काय उगाच?

मागे एका ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये माझी तिकडच्या दोन लेक्चरर बायकांशी ओळख झाली, अजून अधूनमधून बोलतो आम्ही. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. व्हिएतनामीमध्ये आपलं सरळ ‘मी’ फारसं चालत नाही, समोरच्याच्या वयावरून तुम्ही स्वतःला काय म्हणायचं ते ठरतं, हे तुम्हाला माहीतच आहे. वर्गात ती ‘को’ असते, बाई, शिक्षिका, पोरं अदबीने वागतात. तीच मीटिंगमध्ये गेली की सिनियर पुरुषांपुढे ‘एम’ होते, म्हणजे धाकटं भावंड. आता तुम्ही ‘एम’ म्हणून तोंड उघडायचं आणि पुढच्या वाक्यात बजेट चुकलंय असं सांगायचं. येतं सांगता, पुष्कळ जणी सांगतातही, पण दर वेळी आधी थोडं वाकून मग ताठ व्हावं लागतं.

मीटिंगनंतरची मीटिंग वेगळीच. आपल्याकडे ‘बसायचं का?’ म्हटलं की कोणी खुर्ची शोधत नाही, तिकडे त्याला ‘न्याउ’ म्हणतात. प्लास्टिकची बुटकी स्टुलं, बिअर, बर्फ, आणि एक-दोन-तीन करून आरोळी. कोणाचं नाव पुढे ढकलायचं, कोण आपला, कोण नाही, हे तिथे मुरतं. बाईने जावं तर चर्चा, न जावं तर ‘मिसळत नाही’. आणि मग अपॉइंटमेंटच्या टप्प्यांमध्ये गुप्त मतदान असतं, तिथे हे मिसळणं मोजलं जातं. तुम्ही स्वतः किती शुक्रवार त्या स्टुलांवर बसता हे मी विचारत नाही, पण ते शुक्रवार तुम्हाला मिळतात कसे हे जरा आठवा. घरी कोणीतरी होतं म्हणून.

यादीचं नीट समजून घ्या. तिकडे त्याला ‘क्वी ह्वाक’ म्हणतात, पुढच्या पदांसाठी आधीच नावं ठरवून ठेवायची. त्या यादीत नसाल तर नंतर कितीही पेपर छापा, सहसा नंबर लागत नाही. वर चढायचं तर कम्युनिस्ट पार्टीची मेंबरशिप आणि राजकीय सिद्धांताचं सर्टिफिकेट लागतं, तो अभ्यास नोकरी-घर सांभाळून करायचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये पार्टीच्या पॉलिटब्युरोचा, म्हणजे वरच्या मंडळाचा, ठराव क्रमांक 71 आला, सरकारी युनिव्हर्सिट्यांतली कारभारी कौन्सिलं बंद करायची आणि पार्टीचा सेक्रेटरी हाच संस्थेचा प्रमुख, म्हणजे हा रस्ता अजून अरुंद झाला. ती मेंबर आहे की नाही, तिला व्हायचंय की नाही, हा तिचा प्रश्न आहे आणि मी त्यात पडणार नाही. पण तुम्ही ते पत्रात लिहिलंच नाही, मला शंका आहे की तुम्हाला माहीत नाही.

आणि तुमचं ते वाक्य, ‘त्यांना एक बाई हवीच आहे, चान्स पक्का’. अहो, हेच तिला बोचत असेल! यादीत एक बाई बसवायची म्हणून बसवलेली बाई, तिला बहुतेकदा विद्यार्थी कल्याण, कार्यक्रम, पाहुण्यांची सरबराई असलं मिळतं, पैसा आणि नेमणुका दुसऱ्याकडे. सरकारी तक्त्यातला पदभत्ता आपल्या हिशोबाने महिन्याला जेमतेम दोन-तीन हजार रुपये. त्यासाठी संध्याकाळी सातला फोन, शनिवारी मीटिंग, आणि घरी आल्यावर नाळीची भाजी आहेच. मी तिच्या जागी असते तर मीही निवडत बसले असते. खरं तर बसलेच होते. एका कॉलेजात शिकवत असताना मला विभागप्रमुख करत होते, प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुमच्यामुळे डिपार्टमेंटला घरपण येईल,” आणि दुसऱ्याच दिवशी इन्स्पेक्शनच्या नाश्त्याचं मला बघायला सांगितलं. पोहे की उपमा. मी नको म्हटलं, सगळ्यांनी मान्य केलं, कोणी कारण विचारलं नाही, आणि ते नको बरोबर होतं की चूक हे मला अजून कळलेलं नाही.

आता ‘मुली मोठ्या झाल्या की बघू’ असं दोन्ही आज्या म्हणतायत, त्याचा हिशोब करू. 2020 संपेपर्यंत तिकडे बायका 55 ला रिटायर, पुरुष 60 ला. 2021 पासून दर वर्षी थोडं थोडं वाढतंय, 2026 मध्ये बायकांचं 57, पुरुषांचं 61 वर्षं 6 महिने, शेवटी पुरुष 62 वर 2028 ला पोचतील आणि बायका 60 वर 2035 ला. तुमच्या मिसेसना 60 मिळेल. पण पद पहिल्यांदा द्यायचं तर पूर्ण एक टर्म शिल्लक असावी अशी अट, म्हणजे 5 वर्षं, म्हणजे 55 ला दार बंद. धाकटी 18 ची होईपर्यंत ही 51 ची. 51 व्या वर्षी व्हाइस डीन, एक टर्म झाली की 56, आणि त्याच्या वरचं दार वर्षभरापूर्वीच लागलेलं. तिच्या आधीच्या पिढीचं तर 50 लाच संपायचं, पोरं हाताशी येईपर्यंत वय गेलेलं, आणि मग सगळे म्हणायचे बायका पुढेच येत नाहीत. पीएचडीवाल्यांना पुढे काही वर्षं वाढवून मिळतात, पण ती शिकवायला आणि संशोधनाला. आपल्याकडे प्राध्यापक बाई-बुवा निदान एकाच वयाला घरी जातात.

नातवाबद्दल. 2025 च्या जूनमध्ये दोन मुलांची मर्यादा उठली, बरोबर, पण सरकारने मर्यादा उठवली, आज्यांचा हट्ट पुरवायचा आदेश नाही काढला. 41 व्या वर्षी तिसरं बाळंतपण, 6 महिने रजा, आणि ही यादी. तुमच्या आईला हे तुम्ही सांगायचंय, मराठीत, फोनवर, तिने नाही. या बाबतीत जावई नव्हे, मुलगा म्हणून बोला.

एक उदाहरण देते, प्रेरणा म्हणून नाही. होआंग सुआन सिन्ह, जन्म 1933, व्हिएतनामच्या पहिल्या महिला गणित प्रोफेसर. युद्धाच्या काळात हनोईत शिकवता शिकवता ग्रोथेंडीकसारख्या जगप्रसिद्ध गणितज्ञाच्या मार्गदर्शनाखाली थिसिस हाताने लिहिला, 1975 ला पॅरिसमध्ये डिग्री घेतली. आणि पुढे 1988 ला त्यांनी थांग लाँग हे देशातलं पहिलं खाजगी विद्यापीठ उभं करण्यात पुढाकार घेतला. म्हणजे असाही रस्ता असतो, असलेल्या जिन्यात घुसमटण्यापेक्षा बाजूला दुसरा बांधायचा. तुमच्या मिसेसना कदाचित पदच नको असेल, रिसर्च ग्रुप हवा असेल, खाजगी युनिव्हर्सिटी हवी असेल, किंवा खरंच काहीच नको असेल, तर तेही ठीक आहे. पण ते ‘नको’ भाजीच्या टोपलीवरून आलेलं नसावं एवढंच.

मोठीचं पटकन सांगते: तिकडची बारावीची परीक्षा जूनमध्ये, भारतात एनआयटी वगैरेला यायचं तर जेईई मेन देऊन ‘दासा’मधून, म्हणजे परदेशात शिकणाऱ्यांसाठीच्या प्रवेश योजनेतून, बाहेर जायचं तर आयईएलटीएस, सगळं नेटवर आहे. वळवायचं कशाला पण? ती 16 वर्षं आईला बघून तेच व्हायचं म्हणतेय म्हणजे आईच्या कामात तिला काहीतरी दिसलंय जे तुम्हाला दिसलं नाही. तिलाच विचारा काय दिसलं.

तुम्ही या आठवड्यात एकच करा. सोमवार ते रविवार, सकाळी पाच ते रात्री अकरा, घरात कोण काय करतं तो तक्ता लिहा, धाकटीची शाळा, अभ्यास, तेतची, म्हणजे त्यांच्या नववर्षाची तयारी, तिच्या वडिलांच्या तिथीचा स्वयंपाक, तुमच्या आईला व्हिडिओ कॉल लावून देणं सुद्धा. मग त्यातल्या मंगळवार आणि गुरुवारच्या संध्याकाळी आणि शनिवार पूर्ण तुमच्या नावावर करा, दोन वर्षांसाठी, मदत म्हणून नाही, ड्युटी म्हणून. मदत करणारा विचारत बसतो, मीठ कुठेय. हे तीन महिने करून दाखवलंत की मग तिला विचारा, यादीबद्दल काय ठरवलंस.

आणि तिला वाटलं तर तिने मला लिहावं, इंग्रजीत चालेल. मेल पाठवायच्या आधी तुम्ही वाचून ‘दुरुस्त’ करून देऊ नका.