तिसऱ्यांदा ‘नीट’ देण्याआधी मुलीचे ऐका

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून लिहिलेल्या पत्रात आपण विचारता की, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी ‘स्वादुपिंडाच्या पेशीतल्या कॅल्शियममध्ये अडकून पडली आहे’, तर शिक्षण थांबवून तिला तिसऱ्यांदा ‘नीट’ला बसवावे का? तिच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. ‘घरात हा विषय आम्ही बंद केला आहे’ या आपल्या वाक्याची वाटते. दोनदा अपयश पचवलेल्या मुलीचे मन एखाद्या विषयात स्वतःहून रमले असताना तिला त्यावर बोलू न देणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि वडील म्हणून तो आपणच थांबवला पाहिजे.

‘कॅल्शियम बाहेरून पेशीत शिरते आणि पाचक विकरे स्रवतात, त्यात शोधायचे काय?’ असे आपण लिहिता. ही समजूत अपुरी आहे. जेवणानंतर ॲसिटिलकोलीन किंवा कोलेसिस्टोकायनिन या संदेशवाहक रसायनांचा संदेश मिळाला की पेशीत आयपी-थ्री हा रेणू तयार होतो, तो आंतर्द्रव्य जालिकेतील (पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्यातील) साठ्यातून कॅल्शियम मोकळे करतो आणि त्यामुळे पेशीच्या टोकाशी असलेल्या कणिका आपल्यातील विकरे बाहेर सोडतात. म्हणूनच बाहेरचे कॅल्शियम काढून टाकले तरी स्राव सुरू होतो. मात्र तो टिकत नाही, कारण रिता झालेला साठा भरण्यासाठी बाहेरून कॅल्शियम यावेच लागते. आयपी-थ्रीचे हे कार्य १९८३ साली प्रथम दिसले, तेही स्वादुपिंडाच्याच पेशींत. हेच कॅल्शियम पेशीभर दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर ट्रिप्सिनोजेन, म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या विकराचे निष्क्रिय रूप, आतच सक्रिय होऊन पेशीला इजा होते आणि तीव्र स्वादुपिंडदाह उद्भवू शकतो. त्या रोगात आजही मुख्य भर सलाइन, वेदनाशमन आणि पोषण यांवरच असतो. मुलीने रुग्णांच्या उपयोगी पडावे अशी आपली इच्छा असेल, तर ती ज्या प्रश्नापाशी थांबली आहे तो रुग्णांपासून मुळीच दूर नाही.

पुढची वाट परिचित आहे: शिवाजी विद्यापीठात किंवा ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन बाहेर एम.एस्सी., मग ‘नेट’ ही अध्यापन-संशोधनाची पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. या क्षेत्रात स्थिर नोकरी उशिरा मिळते, हे तिलाही स्पष्ट सांगा.

तिने स्वतः मागितल्याशिवाय ‘नीट’चा अर्ज भरू नका. या आठवड्यात तिला हा विषय आपल्याला समजावून सांगायला लावा आणि तिचे सांगून होईपर्यंत प्रवेशपरीक्षेचे नाव काढू नका.