क्लास न लावता स्पॅनिश मजेत कशी शिकता येईल? इंग्रजी चांगलं असल्याचा फायदा होतो का?

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण खरा घोळ तिथे आहे. शब्दांपुरता फायदा होतो. 'इम्पोर्तांते', 'पोसिब्ले', 'उनिवेर्सिदाद' असे शेकडो शब्द फुकटात मिळतात. बाकी सगळीकडे इंग्रजी मध्येमध्ये लुडबुड करते. मराठी येत असताना स्पॅनिश इंग्रजीतून शिकणं हा शुद्ध द्राविडी प्राणायाम आहे.

'मे गुस्ता एल काफे' घ्या. मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तकं आवडतात. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की क्रियापदही बदललं, अगदी आपल्यासारखंच. इंग्रजी पुस्तकं यावर पानभर टीप देतात की हे क्रियापद 'उलटं' चालतं. उलटं कुणाला? 'मे लो दा' म्हणजे मला-ते-देतो, शब्दाला शब्द. 'बेओ ला कासा', घर बघतो. पण 'बेओ आ मारिया', मारियाला बघतो. माणूस आला की मराठीत 'ला' लागतो तसा स्पॅनिशमध्ये 'आ' लागतो, निर्जीव वस्तूला नाही ('ला कासा'तला 'ला' वेगळा), हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'इबा' आणि 'फुई' यांतला फरक इंग्रजीतून समजून घ्यायला आठवडे जातात. मराठीत तो 'जायचो' आणि 'गेलो' एवढाच आहे. आणि इंग्रजी डोक्यात ठेवून भूक सांगायला गेलं की लोक 'सोय आंब्रे' म्हणतात, म्हणजे 'मी भूक आहे'. बरोबर वाक्य 'तेंगो आंब्रे', भूक आहे.

उच्चाराचंही तेच. स्पॅनिश त, द दंत्य आहेत, आपलेच. इंग्रजी वळणाने 'टेंगो' म्हणू नका. प, त, क हे आपल्याइतकेच कोरडे, हवा न सोडता. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला र जास्त वेळा थरथरवायचा.

म्हणून आंकीसारख्या अॅपमध्ये शब्द पाठ करायची दोन बाजूंची कार्डं करणार असाल तर मागच्या बाजूला मराठी किंवा चित्र टाका. आणि सुटा शब्द कधीच नको, चार-पाच शब्दांचं वाक्य हवं.

आता मजेचं. मालिका बघा, हा सल्ला सगळेच देतात, पण कशी बघायची ते सांगत नाहीत. इंग्रजी सबटायटल्स लावून बघितलेली स्पॅनिश मालिका म्हणजे इंग्रजी वाचनाचा सराव. स्पॅनिश सबटायटल्स लावा. त्यातही एक खाच आहे: मालिका मुळात दुसऱ्या भाषेतली असून स्पॅनिशमध्ये डब केलेली असेल, तर ऐकू येणारं आणि खाली दिसणारं जुळत नाही. डबिंगचं आणि सबटायटलचं भाषांतर वेगवेगळं होतं, शिवाय सबटायटल जागेसाठी आखडलेलं असतं. नवशिक्याला वाटतं आपले कान खराब आहेत. त्यामुळे मूळ स्पॅनिश मालिकाच निवडा आणि भाषेच्या यादीत 'सीसी' (क्लोज्ड कॅप्शन) असं लिहिलेली सबटायटल्स घ्या. ती बोललेल्या शब्दांच्या सगळ्यात जवळ असतात.

पण नुसतं बघून कान तयार होत नाहीत. सगळ्यात जास्त फळ देणारा खेळ म्हणजे शाळेतलं श्रुतलेखन. मजेत हवंय म्हणालात, तर हे कोडं सोडवण्यासारखंच आहे. वीस सेकंदांचा तुकडा घ्या, त्याहून मोठा नको. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ए-बी लूप लावला की तोच तुकडा फिरत राहतो. तीनदा नुसता ऐका, मग लिहायला घ्या. अडलं तिथे मोकळी जागा सोडा. वेग पाऊणपटीच्या खाली नेऊ नका, आवाज इतका ताणला जातो की खरं बोलणं ओळखायला त्याचा उपयोग उरत नाही. मग सबटायटल उघडून लाल पेनाने तपासा. पहिल्यांदा यात अर्धा तास गेला तरी घाबरू नका.

तपासताना चुका दोन प्रकारच्या निघतील. शब्दच माहीत नव्हता, ही साधी चूक. कोशात बघा आणि पुढे जा. शब्द माहीत होता, पण ऐकू आला नाही, हे खरं घबाड. उदाहरणार्थ 'नो से सि से लो दि': मी ते त्याला दिलं की नाही, माहीत नाही. सहाही शब्द पहिल्या महिन्यातले, पण कानावर येतं 'नोसेसिसेलोदि' असं एकच गाठोडं. 'बा आ आब्लार' (तो बोलणार आहे) मधले तीन 'आ' एकात विरघळून 'बाब्लार' होतं. 'कान्सादो'तला द बोलताना इतका मऊ पडतो की 'कान्साओ' ऐकू येतं. अशा गाठी वहीत वेगळ्या उतरवून ठेवा आणि त्या वेगाने मोठ्याने म्हणा. आपल्या तोंडाला वळण लागलं की कानाला लागतं. ब-व्ह, मुका ह, अशा स्पेलिंगच्या चुका सोडून द्या.

सुरुवातीला मेक्सिको सिटी किंवा कोलंबियातल्या बोगोताकडचं बोलणं निवडा, तिथे शब्दाच्या शेवटचा स शाबूत असतो. कॅरिबियन बेटांवर आणि दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात तो गळतो. गाण्यांबद्दल माझं मत वाईट आहे. पाठ करायला ठीक, पण चालीसाठी आघात हलवतात आणि स्पॅनिशमध्ये आघाताने अर्थ बदलतो: 'आब्लो' 'आ'वर आघात देऊन म्हटलं तर मी बोलतो, 'ब्लो'वर दिला तर तो बोलला. मराठीत आघाताने असा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान इथे मुळातच कच्चा असतो.

बोलायला तीन साचे पुरतात: 'बोय आ' (करणार आहे), 'तेंगो के' (करायचंय), 'आकाबो दे' (आत्ताच केलं). पुढे क्रियापदाचं मूळ रूप जोडा, रूपं चालवायला नकोत. तीस क्रियापदं घेतली तर नव्वद वाक्यं झाली. दिवसभर जे कराल ते स्वतःशी पुटपुटा. टँडेम किंवा हॅलोटॉक या एकमेकांना भाषा शिकवायच्या अॅपवर कुणी भेटलं तर घड्याळ लावून पंधरा मिनिटं स्पॅनिश, पंधरा मिनिटं त्यांना हवी ती भाषा. घड्याळ नसेल तर गप्पा इंग्रजीतच होतात. रोज न चुकता धडा करून सलग दिवसांचा आकडा सांभाळायला लावणाऱ्या अॅपवर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. तिथे बहुतेक वेळा समोर दिलेले तुकडे जुळवायचे असतात, वाक्य तुम्ही तयार करत नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य करतो. देलेसारखी (स्पॅनिशच्या अधिकृत प्रमाणपत्राची) परीक्षा द्यायची असेल तर लेखन तपासणारं माणूस लागतंच आणि मग स्पेलिंगही सोडून चालणार नाही. आणि मराठी सगळीकडे हात देत नाही: 'मी पुस्तक वाचलं'मधला कर्माप्रमाणे बदल स्पॅनिशमध्ये नाही, आणि 'सेर' व 'एस्तार' या दोघांना आपल्याकडे एकच 'आहे'. इंग्रजी पुस्तकं सांगतात, कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'एस्तार'. मग 'मेलेला आहे'ला 'एस्ता मुएर्तो' का? त्यापेक्षा आपला '-लेला' धरा. दमलेला, बसलेला, मेलेला, उघडलेलं, अशा घडून गेलेल्या अवस्थेला 'एस्तार' लागतं: 'ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता', दार उघडलेलं आहे.